नंबराआड उभी राहिलेली बाई

देवाची भांडी निम्मीच घासून झाली होती. समई, निरांजन आणि पंचपात्र चिंचेनं लख्ख होऊन सिंकच्या कडेला पालथी पडली होती. घंटा, तबक आणि अभिषेकाचं पात्र काळवंडलेल्या तोंडांनी आपली पाळी कधी येते याची वाट बघत होती. तेवढ्यात वरच्या बॉक्सरूममधून हाक आली.

“अगं सुलू, वर ये! तुझ्या फोटोबद्दल विचारतायत!”

एरवी सुलक्षणानं अशा हाकेला दाद दिली नसती. रघुवीर हॉस्पिटलातून रिटायर झाल्यापासून त्या खोलीतून येणाऱ्या हाका एकाच जातीच्या असत. ‘अगं, हा सिग्नल बघ, आता राहिला नाही हा.’ ‘अगं, ही फलाटावरची बाकं बघ, कशी होती!’ जन्मभर लोकांना ऑपरेशनआधी भूल देणारा हा माणूस म्हातारपणी एक स्कॅनर विकत घेऊन बसला होता. माळ्यावरून बुटांच्या खोक्यांत भरलेल्या स्लाइड्स उतरवायच्या, एकेक स्कॅन करायची आणि जुन्या ब्रिटिश रेल्वेच्या फोटोंच्या एका वेबसाइटवर चढवायची, हा त्याचा आता नित्यनेम झाला होता. तिच्या पूजेला लागे त्याहून जास्त वेळ त्याला लागे, आणि हे ती त्याला रोज एकदा ऐकवीही.

पण आजच्या हाकेत ‘तुझ्या फोटोबद्दल’ असे दोन शब्द होते. सुलक्षणा हाताला चिंचेचा कोळ तसाच ठेवून, दुखऱ्या गुडघ्याची आठवणसुद्धा न काढता, जिना चढून वर गेली.

कॉम्प्युटरवर निळं डिझेल इंजिन उभं होतं. त्याचं तोंड पिवळं, अगदी हळद लावलेल्या नवरीसारखं. इंजिनाच्या अंगावर जिथे नंबर लिहिलेला असतो, बरोबर तिथे एक बाई उभी होती. चिंतामणी रंगाची इरकली साडी, डोक्यावरून पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. बाईचे डोळे बारीक झाले होते, पण हसू झकास होतं.

“एल्डरकूम,” रघुवीर म्हणाला. “सन त्र्याहत्तर, ऑक्टोबर. आठवतंय?”

न आठवायला काय झालं? त्यानं अंगावरचा कोट काढून फलाटावर ठेवायला लावला होता, स्वेटरसुद्धा. दात वाजत होते. मंगळसूत्र दिसलं पाहिजे म्हणून.

“तो डेरेक हॅलम आहे ना, त्यांच्या रेल्वेप्रेमी मंडळाचं प्रदर्शन आहे व्हिलेज हॉलमध्ये. पोस्टरला हा फोटो हवाय त्यांना. माझा फोटो! पोस्टरवर!” रघुवीरचा चेहरा पहिल्या नंबरात पास झालेल्या मुलासारखा झाला होता.

“मग माझं काय विचारतायत?”

“ते होय? विचारतायत, डावीकडच्या बाईंना क्रॉप केलं तर चालेल का? म्हणजे नजर इंजिनावर राहील. मी म्हटलं, चालेल की. तुला काय, तुला तर ह्या असल्याची हौसच नाही.”

सुलक्षणा म्हणाली, “मला काय करायचंय! काढून टाका. रूपाचं काय घेऊन बसायचं, शेवटी राखच व्हायचीय.”

आणि खाली येऊन तिनं घंटा अशी घासली, की पितळेचा पत्रा उडायचा राहिला.

आता सुलक्षणाबद्दल थोडं सांगायला हवं. मेडनहेडमधल्या मराठी मंडळींत ती ‘देवभोळ्या सुलक्षणाताई’ म्हणूनच ओळखली जाई. सकाळी पूजा, संध्याकाळी दिवा आणि जप, महिन्याच्या दोन्ही एकादशा. दर गुरुवारी तिच्या घरी भजन असे. भजन झाल्यावर साबुदाण्याच्या खिचडीबरोबर ती चार बायकांना वैराग्याच्याही चार गोष्टी सांगे. विशेषतः ब्रॅकनेलमध्ये नव्यानं आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या बायकांना. त्या बिचाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यानं दिवसाला पन्नास फोटो काढत आणि घरी ईमेल करत. “इतके फोटो कशाला गं?” असं ती म्हणे. “देवाच्या वहीत तुमचा एकच फोटो असतो.” हे वाक्य तिला स्वतःलाही फार आवडे. मागच्या गुरुवारी तिनं ते दोनदा म्हटलं होतं.

आणि आता ह्याच सुलक्षणाताई, एका खेडेगावच्या हॉलच्या पोस्टरवरून आपल्याला कापणार म्हणून, घंटेवर राग काढत होत्या.

ती एक्काहत्तर साली इथे इंग्लंडला आली. रघुवीर ज्युनिअर डॉक्टर. दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलायचं, क्वार्टर्स बदलायच्या, गाव बदलायचं. बॅगा, कुकर आणि देव्हारा घेऊन ती दोघं ट्रेननं कधी वेल्समध्ये, कधी यॉर्कशायरमध्ये, कधी पार समुद्रकिनाऱ्याला जात. रघुवीरला लहानपणापासून इंजिनांचं वेड. कॅमेरा होता, पण रोल महाग आणि धुवून आणायला त्याहून महाग. तिकडे साताऱ्याला सासूबाई दर पत्रात लिहीत, ‘सूनबाईचा फोटो पाठव. तिकडे जाऊन कुंकू-मंगळसूत्र सोडलं तर नाही ना?’ रघुवीरनं एका दगडात दोन पक्षी मारले. इंजिनापुढे बायको उभी केली. एका फोटोत त्याचं इंजिन आलं आणि आईची सूनही आली. मेमसाहेब न झालेली सून साताऱ्याला पोचली, इंजिन बुटाच्या खोक्यात गेलं.

फक्त एक अडचण होती. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, “फोटोला दक्षिणेकडे तोंड करून उभी राहू नकोस हो. ती यमाची दिशा. माणूस फोटोत कायमचा तिकडे बघत राहतो.” हे कुठल्या शास्त्रात आहे ते सुलक्षणानं कधी विचारलं नाही. सासूबाईंचं शास्त्र साताऱ्याच्या घरात सुरू होऊन तिथेच संपत असे. पण परक्या देशात माणूस जे जे सोबत आणलंय ते घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे प्रत्येक फलाटावर फोटोआधी प्रश्न ठरलेला असे.

“अहो, दक्षिण कुठे?”

रघुवीर कॅमेऱ्यातून डोळा न काढता हात लांब करी. “ती तिकडे, इंजिनाच्या मागे. तू उत्तरेला बघतेयस. हं, हास आता.”

आणि ती हसे. इथल्या आकाशात सूर्य शोधायचा तर अर्धा दिवस मोडायचा, त्यापेक्षा नवऱ्यावर विश्वास ठेवणं सोपं होतं. दक्षिण टाळली, म्हणून तर सगळं नीट झालं, असं तिनं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. रघुवीर परीक्षा पास झाला, घर झालं, आश्लेषा झाली. एल्डरकूमच्या त्या फोटोत आश्लेषाही होती. चौथा महिना, पदराआड. तेव्हा कुणाला सांगितलंही नव्हतं.

हे आठवल्यावर सुलक्षणाला एकदम हुरूप आला. म्हणजे आपल्याला वाईट वाटतंय ते स्वतःसाठी नव्हेच, लेकीसाठी वाटतंय! तिनं लगेच आश्लेषाला ब्रॅकनेलला ऑफिसात फोन लावला.

“आई, ऑल ओके?” आश्लेषा दबक्या आवाजात म्हणाली. “मी मीटिंगच्या बाहेर उभा आहे.”

“उभी. उभी आहेस. अगं, तुझ्या बाबांच्या त्या वेबसाइटवर तुझा पहिला फोटो आहे. पोटातला. तो ते कापतायत.”

“माझी फोटो? थांब, बघते.” थोडा वेळ खटखट आवाज आला. “ओह वाव. आई, तू किती छान दिसतो! कापायची नाही हां ही. तू त्यांना सांग.”

“मी कशाला सांगू? मला काय हौस आहे?”

“मग मला का फोन केली?”

सुलक्षणा म्हणाली, “मीटिंगला जा. आणि तिथे लिहायचं कसं ते तेवढं सांगून जा.”

आश्लेषानं ईमेल, पासवर्ड सगळं फोनवरून करून दिलं. नाव काय घालायचं म्हणून तिनं विचारलं तेव्हा सुलक्षणा म्हणाली, “मिसेस एस.” साधेपणा दिसावा म्हणून.

दुपारी रघुवीर लायब्ररीत गेला आणि ती कॉम्प्युटरपुढे बसली. फोटोखाली माणसांची ही भली मोठी चर्चा चालली होती. तिला वाटलं होतं, कुणीतरी साडीबद्दल लिहिलं असेल. छे! सगळे त्या इंजिनाच्या मागे लागले होते. एल्डरकूमच्या त्या रेल्वेफाट्यावर त्या आठवड्यात दोनच इंजिनं चालत. दुपारच्या वेळी एक गाडी घेऊन समुद्राकडे जाई, दुसरं शहराकडे. शहराकडे जाणारं इंजिन आज एका म्युझियममध्ये उभं आहे, त्याचे फोटो पैशाला पासरी. समुद्राकडे जाणारं मात्र पुढच्याच महिन्यात मोडीत निघालं आणि त्याचा त्या फाट्यावरचा रंगीत फोटो कुणाकडेच नाही. मग हे त्यातलं कोणतं? नंबर दिसता तर प्रश्न मिटला असता. पण एकानं हळहळत लिहिलं होतं, ‘दुर्दैवानं नंबरासमोर एक बाई उभ्या आहेत.’

दुर्दैवानं!

सुलक्षणाला राग आला, आणि रागाच्या भरात तिला सुचलं. अशा वेळी सुचतं ते देवानंच सुचवलेलं असतं असं तिचं मत होतं. पुढे ते तिनं जरा बदललं.

तिनं एका बोटानं टाइप केलं. सन्माननीय सदस्यहो, फोटोतल्या बाई म्हणजे मीच. आमच्या रीतीप्रमाणे फोटोसाठी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहत नाहीत. मी ही रीत इथे एकदाही मोडलेली नाही. म्हणजे मी उत्तरेकडे बघते आहे. इंजिनाचं तोंड माझ्या डाव्या हाताला आहे. उत्तरेकडे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला पश्चिम असते आणि एल्डरकूमहून समुद्र पश्चिमेला आहे. तेव्हा गाडी समुद्राकडेच चालली आहे. म्हणून बाईंना कापल्यास पुरावाच नाहीसा होईल, हे नम्रपणे लक्षात आणून देते.

‘नम्रपणे’ हा शब्द तिनं नंतर घातला. मग बटण दाबलं आणि खाली जाऊन कुकर लावला. भाताच्या शिट्ट्या तिला त्या दिवशी टाळ्यांसारख्या वाटल्या.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. डेरेक हॅलमनं लिहिलं होतं, ‘किती मनोरंजक! उजेडावरून मला वेगळं वाटत होतं खरं, पण अर्थात, तिथे मिसेस एस. स्वतः होत्या, मी नव्हतो. असं असेल तर बाई पोस्टरवर राहायलाच हव्यात.’ त्याखाली कॅनडातल्या कुणीतरी उद्गारचिन्हांची रांग लावून त्या मोडीत गेलेल्या इंजिनाचा नंबर छापून टाकला होता. अजून दोघांनी तिचं अभिनंदन केलं होतं. तीस-बत्तीस वर्षं ह्या देशात काढूनही सुलक्षणाला हे कळलं नाही, की इथला माणूस ‘उजेडावरून मला वेगळं वाटत होतं’ म्हणतो तेव्हा तो ओरडून ‘साफ चूक’ असं सांगत असतो. तिला वाटलं, आपण जिंकलो. तिनं शिरा केला.

शिरा खाता खाता रघुवीरनं लॅपटॉप उघडला. वाचलं. पुन्हा वाचलं. चमचा खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“ठसका लागला का? पाणी घ्या.”

“मिसेस एस.,” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, “मिसेस एस., तुम्ही थोर आहात.”

“हसायला काय झालं? तुमच्या लोकांना वर्षभर जमलं नाही ते मी पाच मिनिटांत सोडवलं.”

“अगं, फोटो काढायचा म्हणजे उजेड कुठे हवा? काढणाऱ्याच्या पाठीशी. म्हणजे तो पडतो कुणाच्या तोंडावर?”

“माझ्या.”

“आणि ह्या देशात भर दुपारी सूर्य कुठे असतो?”

सुलक्षणाची तुळस कुठे होती? स्वयंपाकघराच्या खिडकीत. उत्तरेच्या खोलीत ती दोनदा मेली, म्हणून तिनं स्वतः ती ह्या खिडकीत आणून ठेवली होती, कारण दिवसभर ऊन तिथेच येतं. ती खिडकी कुठल्या दिशेची हे घर घेतानाच इस्टेट एजंटनं चारदा सांगितलं होतं. तिनं तुळशीकडे पाहिलं. मग रघुवीरकडे पाहिलं.

“म्हणजे मी तिथे दक्षिणेकडे...”

“तोंड करून.”

“तुम्ही तर म्हणालात, दक्षिण इंजिनाच्या मागे!”

“काय करणार? खरं सांगितलं असतं तर तू पाठ फिरवून उभी राहिली असतीस. आईला काय सुनेचा अंबाडा पाठवायचा होता?”

“आणि बाकीच्या फोटोंत?”

रघुवीरनं जरा विचार केला. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. “कार्डिफचा सोडून. त्या दिवशी ढग होते.”

सुलक्षणा उठली आणि शिऱ्याची वाटी त्याच्यापुढून उचलून घेऊन गेली. दिवा लावला, पण जपात मन लागेना. पोथी उघडली तर अक्षरांतून फलाट दिसायला लागले. वेल्स, यॉर्कशायर, समुद्रकिनारा, आणि सगळीकडे ही बाई पदर सावरून, दात दाखवून, कुंकवासकट यमाकडे बघून हसते आहे! तरी रघुवीर पास झालाच होता. घर झालंच होतं. आश्लेषा तीन किलोंची, ठणठणीत झाली होती. म्हणजे एक तर सासूबाईंचं शास्त्र बोटीनं समुद्र ओलांडून आलंच नव्हतं, नाहीतर यमाला तिचं हसू आवडलं होतं. ह्यातलं काहीही खरं असलं तरी इतकी वर्षं दक्षिण टाळल्याचं जे पुण्य तिनं मनात साठवून ठेवलं होतं, ते सगळं एका संध्याकाळी उडालं होतं.

पण तिला खरी टोचणी वेगळीच होती. तिच्या शब्दावर तिथे भलत्याच इंजिनाचं नाव लागलं होतं. ते दुरुस्त करायला हवं होतं. आणि दुरुस्त केलं, की ती पुरावा राहत नव्हती. मग तिला पोस्टरवर ठेवायला काही कारणच उरत नव्हतं. इंजिन साधं आणि बाई आडवी.

तिनं देवाशी बोलणी सुरू केली. ‘पोस्टर शुक्रवारी छापायला जातंय. शनिवारी सांगते. एक दिवसानं काय होतंय? इंजिन तर मोडीत निघालंय, त्याला कसलं सोयरसुतक?’ समोर घासूनपुसून लख्ख केलेल्या समईत तिचा स्वतःचाच चेहरा लांबडा होऊन दिसत होता. तो काही फार सात्त्विक दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेरेकची मेल आली. रघुवीरनं ती वाचून दाखवली नाही, नुसता स्क्रीन तिच्याकडे वळवला. डेरेकनं लिहिलं होतं, की ते मोडीत गेलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालवणारे मिस्टर पॅस्को म्हणून एक वृद्ध ड्रायव्हर आहेत. आता केअर होममध्ये असतात. आपल्या इंजिनाचा रंगीत फोटो त्यांच्याजवळ नाही. ह्या फोटोची मोठी प्रत काढून रविवारी त्यांना नेऊन द्यायची आहे. डॉक्टरांची आणि मिसेस एस. यांची परवानगी आहे ना?

“मी कळवू का?” रघुवीरनं हळूच विचारलं. त्याचं हसू आता गेलं होतं. “चूक माझीच होती. दिशा मी सांगितली होती.”

“तुमची चूक तुम्ही कळवा. माझी मी कळवते. सरका.”

“आत्ता? पूजा व्हायचीय ना तुझी?”

“देव कुठे जातोय? सरका म्हटलं ना!”

ती बसली. पहिल्यांदा तिनं लिहिलं, की काही भौगोलिक कारणांमुळे माझ्या विधानात किंचित फरक करावा लागत आहे. वाचून पाहिलं. असलं इंग्रजी तिला फक्त कौन्सिलच्या पत्रांमुळे येत होतं. खोडून टाकलं. मग साधं लिहिलं. मी चुकले. मी उत्तरेकडे नाही, दक्षिणेकडे बघत होते. माझ्या यजमानांनी उजेडासाठी मला खोटी दिशा सांगितली आणि मी तुम्हाला ती खरी म्हणून सांगितली. गाडी शहराकडे चालली आहे. हे म्युझियममधलं इंजिन आहे. कृपया मिस्टर पॅस्कोंना हा फोटो देऊ नका, त्यांना वाईट वाटेल. कॅनडाच्या गृहस्थांनीही नाव बदलावं.

इथे ती थांबली. बोट बटणावर होतं. मागे उभा राहून वाचणारा रघुवीर म्हणाला, “छान लिहिलंयस. दे पाठवून.”

“थांबा.”

तिनं पुढे लिहिलं, पोस्टरवरून मला कापू नका अशी विनंती आहे. त्या वेळी माझी मुलगी माझ्या पोटात होती.

तिनं हे वाक्यही वाचून पाहिलं. त्यात काही खोटं नव्हतं. कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि म्हणूनच ते तिला आवडलं नाही. आदल्या दिवशीपासून ती एक कारण सोडून दुसऱ्याच्या आड उभी राहत होती. आधी पुराव्याच्या आड, आता लेकीच्या आड. बिचारी आश्लेषा तेव्हा वाटाण्याच्या शेंगेएवढी होती, तिला पोस्टरची कसली हौस? सुलक्षणानं दुसरं वाक्य खोडलं. कानशिलं गरम झाली. मग एकदम, रघुवीरला दिसत असूनसुद्धा, तिनं टाइप केलं, मी त्यात छान दिसते आहे, म्हणून मला राहायचं आहे. मिसेस एस.

आणि बटण दाबलं.

रघुवीर म्हणाला, “दिसतेसच.”

“तुम्ही बोलू नका. तुम्ही काल मला काढून टाकायला निघाला होतात.”

“मी? अगं, तूच म्हणालीस, राख व्हायचीय.”

“मी म्हणते ते सगळं ऐकायची सवय कधीपासून लागली तुम्हाला?”

डेरेकचं उत्तर यायला गुरुवार उजाडला. तेही नेमकं भजनाला बायका जमल्या असताना. रघुवीरनं वरून हाक मारली, आणि सगळ्यांच्या पुढ्यात ‘पोस्टर’ असा शब्द उच्चारला. मग काय, नीना, वैभवी, कस्तुरी सगळ्या जणी टाळ हातात घेऊन त्या टीचभर बॉक्सरूममध्ये घुसल्या.

डेरेकनं आधी आभार मानले होते. मिस्टर पॅस्कोंकडे जाऊन मग खरं कळलं असतं तर फार अवघड झालं असतं, असं लिहिलं होतं. त्यांच्यासाठी खऱ्या इंजिनाचा फोटो शोधायचं काम डेरेकनं डॉक्टरांवर टाकलं होतं, खोकी अजून बरीच आहेत असं ऐकतो म्हणून. आणि पोस्टरबद्दल लिहिलं होतं, की समितीच्या बैठकीत बराच वाद झाला. दोन सदस्यांचं म्हणणं, इतक्या साध्या इंजिनाचा फोटो घ्यावाच कशाला? शेवटी खजिनदारबाई म्हणाल्या, आजवर आपण पोस्टरवर नुसती इंजिनंच छापत आलो आणि हॉलमध्ये तेच ते अकरा पुरुष येतात. ह्या वेळी ह्या बाई राहू देत. तर पोस्टर जोडलं आहे.

पोस्टरवर सुलक्षणा अख्खी होती, चपलांपासून पदरापर्यंत. उलट इंजिनाचंच पिवळं तोंड कडेला थोडं कापलं गेलं होतं. खाली बारीक अक्षरांत फोटोची माहिती दिली होती. एल्डरकूम स्टेशन, ऑक्टोबर १९७३. शहराकडे जाणारी गाडी. पुढे मिसेस एस., दक्षिणेकडे तोंड करून.

“अय्या, काकू!” वैभवी म्हणाली. “हे तुम्ही आहात? किती गोड!”

“पण दक्षिणेकडे तोंड असं का लिहिलंय हो?” नीनानं विचारलं. तिचं लक्ष नको तिथे नेमकं जाई.

“त्यांच्यात लिहितात तसं,” सुलक्षणा म्हणाली. “रेल्वेवाल्यांची पद्धत असते.”

रघुवीरला पुन्हा ठसका लागला.

“आणि काकू,” कस्तुरी हळूच म्हणाली, “देवाच्या वहीत एकच फोटो असतो ना?”

सगळ्या हसल्या. सुलक्षणाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, वैराग्याचं, ठेवणीतलं. पण तिचं लक्ष पुन्हा स्क्रीनवरच्या त्या थंडीनं काकडलेल्या, डोळे बारीक केलेल्या, अजागळ हसणाऱ्या पोरीकडे गेलं आणि वैराग्य काही वेळेवर सुचेना.

“असू दे,” ती म्हणाली. “देवाची वही देवाकडे. अहो, त्या डेरेकना विचारा, ह्याच्या चार प्रती मिळतील का? पाचच सांगा. आणि बाकीच्यांनी खाली चला, आरती राहिलीय.”

आरती झाली, खिचडी झाली, बायका गेल्या. रघुवीर मिस्टर पॅस्कोंचं इंजिन शोधायला नवीन खोकं काढून बसला होता. सुलक्षणानं पिठाचा डबा उघडून पाहिला, तळाला दोन मुठी होत्या. तिनं कोट घातला, पिशवी घेतली आणि गव्हाचं पीठ आणायला स्लाउमधल्या देशी दुकानाकडे जाणाऱ्या बसला निघाली.